लेस्टरच्या परसातलं जुनं सफरचंद: तोडायचं की राखायचं, आणि सोबत काय लावायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेस्टरमध्ये १९३०च्या सुमाराचं घर घेतलंत. मागे १२ बाय ८ मीटरची बाग आहे, माती चिकण. कोपऱ्यात सफरचंदाचं जुनं झाड आहे, त्याचं खोड आतून पोकळ, फळं मोठी, हिरवी आणि तोंडात धरवत नाहीत इतकी आंबट. शेजारी म्हणतात, तोडून टाका. त्या जागी तुम्हाला दुकानात न मिळणाऱ्या जुन्या जाती लावायच्या आहेत आणि तीन नावं काढली आहेत: कॉक्स, ब्लेनहाइम ऑरेंज, ब्रॅम्ली. यातली कुठली घ्यावी?

माझं उत्तर: झाड तोडू नका, आणि ही यादी बाजूला ठेवा. नावं वाईट आहेत म्हणून नाही, तिन्ही थोर जाती आहेत. पण तुमच्या मातीत, तुमच्या जागेत आणि एकमेकांच्या सोबतीला ती बसत नाहीत. ब्लेनहाइम आणि ब्रॅम्ली या दोन्ही जाती त्रिगुणित आहेत, म्हणजे त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, आणि त्यामुळे त्यांचा पराग दुसऱ्या झाडाच्या कामाचा नसतो. त्या कॉक्सकडून पराग घेतील, पण कॉक्सला परत काही देणार नाहीत. शिवाय दोघीही दांडग्या वाढतात. आणि कॉक्स तुमच्या चिकणमातीत कँकरने, म्हणजे साल आणि लाकूड खाणाऱ्या बुरशीने, खंगेल. हे मी पुस्तकातून सांगत नाही. नॉटिंगहॅमशरला आल्यावर मी लावलेलं पहिलं झाड कॉक्सच होतं. खड्डा खोल खणला, आवडीने कंपोस्ट भरलं, आणि सहाव्या वर्षी ते झाड वाळून गेलं. त्या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यानंतर मी इथल्या एका रोपवाटिकेत पंधरा हिवाळे कलमं बांधली, आणि त्या पहिल्या झाडाच्या वेळी काय काय चुकलं ते हळूहळू कळत गेलं.

आधी एक मूळ गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं की हापूसची कोय पुरली तर हापूस येत नाही, रायवळ येतो. सफरचंदाचं तंतोतंत तसंच आहे. सफरचंदाचं फूल सहसा स्वतःच्या जातीच्या परागाने फळत नाही, त्याला परका पराग लागतो. म्हणून प्रत्येक बी ही नव्या संसाराची सुरुवात असते. एका ब्रॅम्लीतल्या दहा बिया लावल्या तर दहा वेगळी झाडं येतील, आणि बहुतेक खाण्यालायक नसतील. जात टिकवायची तर कलमच करायला हवं. याचा अर्थ असा की जगातलं प्रत्येक ब्रॅम्ली हे एकाच झाडाचं लांबलेलं शरीर आहे. ते झाड नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात, तुमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने ते बीपासून वाढवलं. पुढे १८४६ मध्ये ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं, आणि १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने कलमासाठी काड्या मागितल्या तेव्हा ब्रॅम्लीने अट घातली की झाडाला माझं नाव द्या. बी रुजवणाऱ्या मुलीचं नाव मागे पडलं, याची मला दर वेळी हळहळ वाटते. १९००च्या वादळात ते झाड आडवं झालं आणि पडल्या जागेवरून पुन्हा वाढलं. आता त्याला हनी फंगस, म्हणजे मुळं आणि बुंधा कुजवणारी बुरशी, लागली आहे. पण म्हणून ब्रॅम्ली संपत नाही, कारण त्याच्या काड्या दीडशेहून जास्त वर्षं हातोहात पुढे गेल्या आहेत. ज्या जातींच्या काड्या कोणी पुढे नेल्या नाहीत, त्या शेवटचं झाड पडलं त्या दिवशी संपल्या.

म्हणून तुमच्या कोपऱ्यातल्या झाडाची ओळख पटेपर्यंत त्याला हात लावू नका.

खोड पोकळ आहे म्हणजे झाड मेलं असं नाही. झाडाचा जिवंत भाग असतो सालीलगतचा, मधलं लाकूड म्हणजे नुसता सांगाडा. पोकळ खोडाची झाडं पुढे तीस-तीस वर्षं फळताना मी पाहिली आहेत, आणि त्या पोकळीत टिट पक्षी घरटी करतात, कुजलेल्या लाकडावर जगणारे भुंगेरे राहतात. बघायचं ते वेगळंच. बुंध्याशी, जमिनीलगतची थोडी साल सुरीने उचकटून पाहा. आत पांढरा, कागदासारखा पापुद्रा असेल आणि अळंब्यांचा वास येत असेल, तर ती हनी फंगस. शरद ऋतूत बुंध्याभोवती मधाच्या रंगाच्या छत्र्याही उगवतील. तसं असेल तर झाड फार वर्षं राहणार नाही, काड्या घेऊन ठेवायची घाई करा, आणि नवं सफरचंद त्या कोपऱ्यापासून शक्य तितकं लांब लावा. पापुद्रा नसेल, आणि झाड रस्त्यावर किंवा शेजाऱ्यांच्या छपरावर कललेलं नसेल, तर ते राखा. कधी तोडायचीच वेळ आली तर आधी कौन्सिलकडे विचारा की झाड संरक्षित यादीत आहे का. न विचारता तोडलं तर मोठा दंड होऊ शकतो.

ओळख पटवायची ती फळावरून. १९३०च्या घराच्या परसात मोठं हिरवं आंबट फळ म्हणजे बहुधा ब्रॅम्लीच. ते थोडं चपटं, वेडंवाकडं, एका बाजूला फुगलेलं असतं, आणि साठवणीत साल तेलकट लागते. पण लेस्टरशरमध्ये असल्याने आणखी दोन शक्यता मनात ठेवा. एक डुमेलोज सीडलिंग, याच जिल्ह्यातल्या शॅकरस्टोन गावचं, ज्याला वेलिंग्टन असंही म्हणतात. त्याची खूण म्हणजे फळाच्या तळाचा डोळा, मोठा, उघडा, चांदणीसारखा पसरलेला. दुसरं ॲनी एलिझाबेथ. ते १८५७च्या सुमारास खुद्द लेस्टरच्या नाइटन भागात ग्रेटोरेक्स नावाच्या गृहस्थांनी वाढवलं आणि त्याला आपल्या तान्हेपणी गेलेल्या मुलीचं नाव दिलं. फळ जरा लांबट, कंगोरेदार, देठ आखूड. मे महिन्यात याचा बहर इतका देखणा असतो की नुसत्या फुलांसाठीही लोक ते लावतात.

ऑक्टोबरमध्ये झाडाच्या उन्हाकडच्या बाजूची, न डागाळलेली, मध्यम आकाराची पाच-सहा फळं देठासकट काढा. सगळ्यात मोठं फळ नेऊ नका, ते कधीच जातीचा खरा चेहरा दाखवत नाही. २१ ऑक्टोबरच्या आसपास इंग्लंडभर ॲपल डे साजरे होतात, १९९० पासूनची प्रथा आहे. तिथे जाणकार मंडळी टेबल मांडून बसतात, फळ उभं चिरतात, बियांची घरं आणि देठाचा खळगा पाहतात आणि जात सांगतात. त्यांनाही जमलं नाही तर उन्हाळ्यात कोवळ्या पानांची डीएनए तपासणी करून घेता येते. केंटमधल्या फॅव्हरशमजवळ ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे, तिथे सफरचंदाच्या २,००० हून अधिक जाती जोडीजोडीने लावलेल्या आहेत आणि तुमच्या पानाचा ठसा त्या संग्रहाशी ताडून पाहता येतो. जुळलाच नाही, तर तुमचं झाड इंग्लंडचं रायवळ आहे. मग ते राखायला आणखी एक कारण मिळालं.

छाटणी डिसेंबर ते फेब्रुवारी, झाड झोपेत असताना. पहिल्या वर्षी फक्त मेलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. माणसं इथे उत्साहात चूक करतात. वर्षानुवर्षं हात न लागलेलं झाड एका हिवाळ्यात निम्मं कापतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यावर सरळसोट, छडीसारख्या कोवळ्या धुमाऱ्यांचं जंगल उठतं, फळ मात्र एक नाही. एका वर्षी पंचमांशाहून जास्त डोलारा काढू नका. तीन-चार हिवाळ्यांत मिळून आकार द्या. फांदी काढताना खोडाशी जिथे ती किंचित फुगलेली असते ती वळी शाबूत ठेवून कापा. जखमेवर रंग किंवा डांबर लावू नका, झाड ती आपली आपण भरतं.

आता नवी झाडं. सगळे आधी जात विचारतात. रोपवाटिकेत माझा पहिला प्रश्न असायचा: खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांकडचं रोप, कोणता? कोकणात आंबा रायवळाच्या खुंटावर बांधतात आणि झाड वाढेल तेवढं वाढू देतात, कारण जागा असते. इथे झाड किती मोठं होणार हे बरंचसं खुंट ठरवतो. केंटच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने विसाव्या शतकात हे खुंट निवडून त्यांना क्रमांक दिले, म्हणून त्यांची नावं एम अक्षराने सुरू होतात. एम२७ वर झाड जेमतेम पुरुषभर होतं आणि जन्मभर लाड मागतं. एम९ वर दोन-अडीच मीटर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ, पण मुळं इतकी ठिसूळ की खांबाचा आधार कायम हवा. एम२६ त्याहून थोडं थोराड. एमएम१०६ वर चार मीटरपर्यंत, आणि एम२५ वर जुन्या राईतलं भलं थोरलं झाड. तोच ब्रॅम्ली एम२५ वर लावलात तर तुमच्या बागेची सगळी रुंदी एकटा व्यापेल.

चिकणमातीत एमएम१०६ घेऊ नका, जरी दुकानात तोच सगळ्यात सहज मिळत असला तरी. ओल साचली की त्याच्या बुंध्याशी कूज धरते. त्याच्या जवळपास वाढणारा पण या कुजीला दाद न देणारा एम११६ आहे, तो मागा. एखादं सुटं झाड लावणार असाल तर तोच. बाकीची झाडं कुंपणालगत कॉर्डन पद्धतीने लावा असं मी आग्रहाने सांगेन. एम२६ वरची रोपं ७५ सेंटिमीटरवर एक, ४५ अंशात तिरपी, तारांना बांधलेली, आणि बाजूच्या फांद्या दर ऑगस्टमध्ये आखूड करायच्या. चार मीटरच्या कुंपणावर पाच जाती बसतात, आणि शिडी लागत नाही. तुम्हाला चव घ्यायची आहे, विकायचं नाही. एका झाडाची पन्नास किलो फळं एकाच आठवड्यात अंगावर येण्यापेक्षा पाच जातींची थोडी थोडी सप्टेंबर अखेरपासून होळीपर्यंत पुरणं चांगलं.

जाती निवडताना मी गावाजवळच्या धुंडाळते. त्यात भावनेचा भाग आहेच, पण ज्या जातीने याच पावसात आणि याच उशिराच्या गोठवणाऱ्या थंडीत शंभर-दीडशे वर्षं काढली तिच्यावर भरवसा ठेवायला आधार असतो. तुमच्या कोपऱ्यातलं झाड ॲनी एलिझाबेथ नसेल, तर सुट्या झाडासाठी तीच घ्या. लेस्टरच्या मातीतली आहे, फळ पुढच्या एप्रिल-मेपर्यंत टिकतं आणि शिजवताना साखर कमी लागते. कुंपणावर एग्रेमॉन्ट रसेट हवंच. तपकिरी, खरखरीत सालीचं, चिकूची आठवण करून देणारं रूप, चव अक्रोडासारखी. दुकानातली लाल तुकतुकीत फळं खाऊन वाढलेली मुलं आधी नाक मुरडतात आणि मग तेच मागतात. स्कॅब, म्हणजे फळापानांवर काळे डाग पाडणारी बुरशी, त्याला सहसा धरत नाही, पण उन्हाळ्यात पाणी एकदा भरपूर आणि एकदा अजिबात नाही असं झालं तर गरात कडू तपकिरी ठिपके पडतात, तेवढं सांभाळा. ॲशमीड्स कर्नल हे १७००च्या सुमाराचं ग्लॉस्टरचं. सगळ्या जातींत मला एकच ठेवायला सांगितलं तर मी हे ठेवीन. फळ दिसायला बटाट्यासारखं, पीक कधी देतं कधी नाही, पण नाताळनंतर त्याची आंबटगोड, सुवासिक चव वर्षभर लक्षात राहते. पिटमास्टन पाइनॲपल वुस्टरशरचं, लिंबाएवढं पिवळं फळ, मधाची गोडी आणि खरोखर अननसाचा वास. लहान मुलांच्या मुठीत मावतं, म्हणून मुलं असलेल्या घरी मी ते आवर्जून सुचवते. पाचवं कूर पांड्यू प्ला, शेकडो वर्षांची फ्रेंच जात. इथले जुने माळी तिला शहाणं सफरचंद म्हणत, कारण ती सगळ्यांच्या मागून, थंडीचा धोका टळल्यावर फुलते. मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या या मधल्या पट्ट्यात, मेच्या पहिल्या पंधरवड्यातसुद्धा पारा शून्याखाली जातो, आणि उमललेल्या फुलांना उणे २ अंशांच्या खाली वाचवणं कठीण. बाकीच्यांवर त्या रात्रीपुरती बागेची पातळ फ्लीस, म्हणजे झाडांवर पांघरायचं कापड, टाका, हिला त्याची गरज नाही.

तुमचं मन कॉक्सवरच असेल तर फळ विकत घेऊन खा. ते जन्मलं स्लाउजवळ, १८२५च्या सुमारास, निवृत्त दारूभट्टीवाल्या रिचर्ड कॉक्सच्या बागेत. त्याला उबदार, पाणी निथळणारी जमीन लागते. ब्लेनहाइम फळायलाच इतकी वर्षं घेतं की छोट्या बागेत तेवढी जागा अडवणं मला परवडत नाही. आणि ब्रॅम्ली बहुधा तुमच्याकडे आहेच.

परागाची काळजी शहरात फार करू नका. एग्रेमॉन्ट लवकर फुलतं, ॲशमीड, पिटमास्टन आणि ॲनी एलिझाबेथ त्यानंतर साधारण बरोबर, कूर पांड्यू प्ला सगळ्यांच्या शेवटी. पण बहराचे दिवस एकमेकांत मिसळतात, आणि मधमाश्या कुंपण पाहत नाहीत. दोन-तीन घरं पलीकडे कोणाकडे तरी सफरचंद किंवा शोभेचं क्रॅब ॲपल असतंच. एप्रिल अखेरीस एकदा गल्लीतून फेरी मारा आणि कुंपणांवरून पाहा कुठे काय फुललंय. शेजाऱ्यांशी बोलायलाही ते निमित्त बरं असतं.

लागवड नोव्हेंबर ते मार्च, कुंडीतलं रोप न घेता उघड्या मुळांचं घ्या. ते स्वस्त असतं, जातींची निवड पाचपट मिळते, आणि मुळं कुंडीत गोल गोल फिरलेली नसतात. माझ्या पहिल्या कॉक्सचं मरण खड्ड्यात होतं. चिकणमातीत गोल, खोल खड्डा खणून त्यात भुसभुशीत कंपोस्ट भरलं की आपण जमिनीत एक हंडा पुरतो. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येऊन साचतं आणि निघायला वाट नसते. म्हणून खड्डा उथळ ठेवा, चौकोनी खणा म्हणजे मुळं कोपऱ्यांतून बाहेर पडतात, कडा आणि तळ काट्याने खरवडा, आणि निघालेली मातीच परत भरा. फार ओल धरणारी जागा असेल तर जमिनीवर वीतभर उंच पसरट वरंबा करून त्यावर लावा. कलमाचा जोड, तो सांध्यासारखा फुगवटा, मातीच्या चार बोटं वर राहिलाच पाहिजे. तो गाडला गेला तर वरची काडी स्वतःची मुळं सोडते आणि खुंटाचा लगाम सुटतो. जुन्या झाडाच्या जागीच नवं सफरचंद लावू नका, त्या मातीत ते खुरटतं.

पहिल्या वर्षी आलेली फळं तोडून टाका. जिवावर येतं, पण त्या वर्षी मुळं वाढायला हवीत. पुढे दर वर्षी जूनमध्ये झाड स्वतः काही फळं गाळतं, ते झालं की तुम्ही प्रत्येक झुबक्यात एक, फार तर दोन ठेवा. हे केलं नाही तर एक वर्ष ओझ्याने फांद्या मोडतात आणि दुसऱ्या वर्षी झाड रिकामं. पहिले दोन उन्हाळे पाणी आठवड्यातून एकदा, पण दोन बादल्या, रोज तांब्याभर नको. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये पारा ४०.३ अंशांवर गेला, त्या दिवशी माझ्याकडची फळं झाडावरच एका बाजूने शिजली होती. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन असलेली झाडं मात्र तगली.

रोगांबद्दल फार लिहीत नाही, कारण परसातल्या पाच-सहा झाडांना फवारणीची गरज नसते. स्कॅबची बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, पानं झाडून उचला, निम्मं काम होतं. २०१२ सारखा भिजका उन्हाळा आला तर तरीही डाग पडतील, साल काढून खा. कँकरची खोल भेग दिसली तर स्वच्छ लाकूड लागेपर्यंत कापून तो तुकडा बागेबाहेर घालवा, आणि कात्री पुसून घ्या. फळात अळी करणाऱ्या कॉडलिंग मॉथसाठी मेच्या मध्यावर एक कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा) टांगा.

काढणी आणि साठवण यावर मात्र थांबते, कारण जुन्या जातींबद्दल लोकांची निराशा इथेच होते. झाडावरून काढलं, लगेच चावलं, आणि म्हणतात हे कसलं कच्चं, तुरट फळ. हापूस चौदा आणे तयार झाला की उतरवून अढीत घालतात, झाडावर पिकू देत नाहीत, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ॲशमीड्स, ॲनी एलिझाबेथ, कूर पांड्यू प्ला या सगळ्या अढीच्या जाती आहेत. फक्त त्यांची अढी उबदार पेंढ्याची नसून गारव्याची असते. तळहातावर फळ हलकेच उचलून किंचित पिळा. देठ आपसूक सुटला तर तयार. फळ कापून पाहिलं तर बिया तपकिरी झालेल्या असतात. डाग किंवा खरचटलेलं फळ आधी खायला बाजूला काढा. बाकीची वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, एकमेकांना न टेकवता, गॅरेजसारख्या अंधाऱ्या, ३ ते ५ अंशांच्या जागेत एका थराने मांडा. कांदे-बटाट्यांजवळ नको, वास लागतो. लवकर पिकणाऱ्या जातीही यांच्या सोबत नको, त्यांच्या वायूने यांना घाई होते. ऑक्टोबरमध्ये दगड वाटलेलं ॲशमीड जानेवारीत काढून पाहा. पिष्टाची साखर झालेली असते आणि सुवास तेव्हा कुठे उमलतो.

आणि ते तोंडात न धरवणारं आंबट झाड. जर ते ब्रॅम्ली निघालं, तर इतकी वर्षं परदेशात कैरीसाठी तळमळणाऱ्या मराठी माणसाच्या परसात ते असणं हे भाग्य आहे. ऑगस्टमध्ये गळालेली किंवा विरळणीत काढलेली कच्ची फळं घ्या. लोणच्यासाठी बारीक फोडी, मीठ लावून पाणी काढून टाकायचं, मसाला, आणि फोडणी पूर्ण गार झाल्यावर घालायची. गरम घातलीत तर फोडींचा लगदा होतो, कारण ब्रॅम्ली उष्णतेने विरघळून फेसासारखं होतं. याच गुणासाठी इंग्रज त्याचा सॉस करतात. मेथांबा याचा फार सुरेख होतो, पण गूळ आधी विरघळवून फोडी शेवटी टाका आणि दोन मिनिटांत उतरवा. आमच्याकडे गुढीपाडव्याची आंबेडाळ कित्येक वर्षं साठवणीतल्या किसलेल्या ब्रॅम्लीचीच होते. त्याला कैरीचा वास नाही, आंबटपणा मात्र पुरेपूर आहे.

झाडाची जात काहीही निघो, यंदा जानेवारीत त्याच्या काड्या घ्या. गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, उन्हाकडच्या बाजूच्या सहा-सात. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, पण त्या कप्प्यात सफरचंदं असू देऊ नका, त्यांच्या वायूने काड्यांवरचे डोळे मरतात. एम२६ चे दोन-तीन खुंट मागवा, ते कलमी रोपापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात. मार्चमध्ये खुंटाच्या कळ्या फुगू लागल्या की बांधायचं. आमच्याकडे कोय कलम भर पावसाळ्यात, दमट हवेत, दोन आठवड्यांच्या कोवळ्या रोपावर करतात. इथे काडी गाढ झोपेत आणि खुंट नुकता जागा होत असलेला, अशी वेळ साधायची. दोघांनाही सारखाच लांब तिरका काप द्या, दोन्ही कापांत छोटी जीभ पाडा म्हणजे ती एकमेकांत अडकतात. काडी बारीक असेल तर मध्ये बसवू नका, एका कडेला सरकवा, कारण सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी एकमेकाला भिडायलाच हवा. वर तीन डोळे ठेवा, पट्टीने घट्ट बांधा, टोकाला मेण लावा. पहिल्या प्रयत्नात तीनपैकी एक लागलं तरी चांगलं म्हणायचं. सुरी मात्र धारदार हवी, आणि अंगठ्याला जाड पट्टी.

काड्या कापल्या त्याच क्षणी लेबल बांधा, घरात येईपर्यंत थांबू नका. जातीचं नाव अजून ठाऊक नसेल तर "लेस्टर, कोपऱ्यातलं" एवढं आणि तारीख लिहा. लेबल पत्र्याचं घ्या आणि पेन्सिलीने लिहा, शाई दोन पावसाळ्यांत पुसली जाते.